आठव्या कामगाराचा प्रश्न: चीनमधलं खासगी भांडवल आणि सरकारची पकड

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमध्ये एक अजब वाद रंगला होता. माणसाने किती कामगार ठेवले की तो भांडवलदार ठरतो? सरकारी नियमानुसार छोट्या व्यावसायिकाला दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ, असे सातच जण ठेवता येत. आठवा ठेवला की गाडं अडलं. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. मालकाला कामगारापेक्षा दुप्पट चांगलं जगायचं असेल आणि वर तेवढीच रक्कम पुन्हा धंद्यात घालायची असेल, तर त्याला आठ कामगार लागतील, असा एक हिशेब मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात मांडला होता. उदाहरणादाखल केलेलं ते गणित शंभरेक वर्षांनी बीजिंगमध्ये राजकीय लक्ष्मणरेषा होऊन बसलं.

ही रेषा ओलांडणाऱ्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे नियान ग्वांगजिउ. अनहुई प्रांतातल्या वुहू शहरातले हे गृहस्थ भाजलेल्या बिया विकायचे. लिहितावाचता येत नव्हतं, पण मालाचं नाव ठेवलं होतं 'मूर्खाच्या बिया', आणि तो धडाक्यात खपत होता. बघता बघता कामगार शंभराच्या वर गेले. तक्रारी थेट केंद्रापर्यंत पोचल्या. १९८४मध्ये देशाचे तेव्हाचे सर्वोच्च नेते देंग श्याओपिंग यांनी निकाल दिला तो असा: दोन वर्षं असू द्या, मग बघू. आठ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी उद्योगाला राज्यघटनेत जागा मिळाली ती १९८८च्या दुरुस्तीने. एवढं होऊनही १९८९मध्ये नियान तुरुंगात गेले. १९९२च्या दक्षिण दौऱ्यात देंग यांनी त्यांचा विषय पुन्हा काढला आणि त्यानंतर ते सुटले.

धंदा आधी वाढतो, कायदा मागून येतो आणि मधल्या काळात मालकाची सुरक्षितता वरच्याच्या शब्दावर टांगलेली असते. चीनमध्ये खासगी भांडवल आणि सरकार यांचं नातं आजही याच चालीने चालतं. रकमा तेवढ्या वाढल्या.

दोन वेगळे प्रश्न

समाजवाद म्हटला की सरकारी मालकी आणि पंचवार्षिक योजना, भांडवलशाही म्हटली की खासगी मालकी आणि बाजार, अशा जोड्या आपण लावून टाकलेल्या असतात. खरं तर इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. कारखान्याचा मालक कोण, हा एक. त्यात काय बनवायचं आणि ते काय भावाने विकायचं हे कोण ठरवतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'समाज' आणि दुसऱ्याचं उत्तर 'बाजार' असं देता येईल का, या शक्यतेला बाजारी समाजवाद म्हणतात.

पोलिश अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी १९३०च्या दशकात ही शक्यता कागदावर मांडली. युगोस्लाव्हियाने १९५०पासून कामगारांच्या हाती कारखान्यांचा कारभार देऊन बघितला, हंगेरीने १९६८मध्ये योजनेचे बंधनकारक आकडे रद्द केले. दोन्हीकडे एक दुखणं उरलं आणि त्याला नाव दिलं हंगेरीच्याच यानोश कोर्नाई यांनी: मऊ अंदाजपत्रक. तोट्यात गेलो तरी सरकार बुडू देणार नाही, हे सरकारी कारखान्याच्या व्यवस्थापकाला पक्कं ठाऊक असतं. मग तो खर्चाकडे कशाला बघेल? बाजाराची किंमत त्याच्यासमोर असते, पण ती त्याला चटका देत नाही.

१९८५च्या सप्टेंबरमध्ये यांगत्से नदीवर 'बाशान' नावाच्या बोटीत चिनी सुधारकांनी परदेशी अर्थतज्ज्ञांना बोलावून चर्चा घडवली, तेव्हा कोर्नाई स्वतः तिथे होते. त्यांचं निदान चिनी मंडळींना चांगलंच पटलं. उपाय मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने केला: सरकारी क्षेत्र सुधारेपर्यंत वाट न बघता त्याच्या बाजूला दुसरं क्षेत्र वाढू द्यायचं.

एकाच पोलादाचे दोन भाव

ही बाजूने वाढण्याची युक्ती प्रत्यक्षात कशी चालायची ते दुहेरी भावपद्धतीत नीट दिसतं. समजा, एका सरकारी पोलाद कारखान्याला वर्षाला १०० टन पोलाद ठरलेल्या स्वस्त भावाने योजनेत द्यायचं आहे. तेवढं दिलं की वरचा प्रत्येक टन बाजारभावाने विकायला तो मोकळा. योजना मोडली नाही, जुन्या गिऱ्हाइकाचा पुरवठा तुटला नाही, आणि तरीही कारखान्याच्या दृष्टीने पुढच्या टनाचा भाव बाजाराचा झाला. जास्त माल काढावा की नाही, हा निर्णय त्याच पुढच्या टनावर ठरतो. त्यामुळे बेत जुनाच राहून वागणूक बदलली.

शेतीत हेच आधी घडून गेलं होतं. १९७८च्या अखेरीस अनहुईमधल्याच श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप करारावर अंगठे उठवून सामूहिक जमीन कुटुंबांत वाटून घेतली. सरकारचा वाटा आधी द्यायचा, उरेल ते घराचं. त्यांनी हे केलं तेव्हा ते बेकायदा होतं. पुढे तेच देशाचं धोरण झालं.

दुहेरी भावाची काळी बाजूही लगेच उघडी पडली. स्वस्त भावाचा परवाना ज्याच्या सहीने मिळतो तो अधिकारी आणि त्याचे नातेवाईक तोच माल बाजारात चढ्या भावाने फिरवू लागले. १९८८मध्ये भावांवरची नियंत्रणं झपाट्याने उठवण्याची घोषणा झाली, तेव्हा महागाई भडकली, लोकांनी दुकानं रिकामी केली, बँकांपुढे रांगा लागल्या. १९८९च्या तिआनमेन चौकातल्या आंदोलनामागे हा रागही होता.

मोठं धरा, छोटं सोडा

१९९२च्या ऑक्टोबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या चौदाव्या महाअधिवेशनाने 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था' हे ध्येय अधिकृत केलं, पुढच्या वर्षी ते राज्यघटनेत गेलं. पण हजारो सरकारी कारखाने तोट्यातच होते आणि त्यांना पोसणाऱ्या सरकारी बँकाही कर्जबुडीने पोखरल्या होत्या. १९९७नंतर पंतप्रधान झू रोंगजी यांच्या काळात धोरण आलं: मोठे उद्योग घट्ट धरायचे, छोटे सोडून द्यायचे. विकले, विलीन केले, बंद केले. १९९८ ते २००३ या काळात सरकारी उद्योगांतल्या अडीच कोटींहून जास्त कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कारखान्याबरोबर घर, दवाखाना, मुलांची शाळा, निवृत्तिवेतन असं सगळं बांधलेलं असे, म्हणून नोकरी जाणं म्हणजे पायाखालची जमीन सरकणं होतं. ईशान्येकडच्या ल्याओनिंगसारख्या जुन्या औद्योगिक पट्ट्याने त्याची सर्वात मोठी किंमत मोजली. चीनच्या यशाच्या गोष्टीत हा अध्याय एका ओळीत उरकला जातो, ते मला पटत नाही. मऊ अंदाजपत्रक कडक झालं ते या माणसांच्या जिवावर.

यानंतर जी रचना उभी राहिली ती समजली की बाकीचं बरंच सोपं होतं. वीज, तेल, दूरसंचार, रेल्वे, तंबाखू, मोठ्या बँका हे वरच्या टोकाचे व्यवसाय सरकारकडे राहिले. केंद्राच्या बड्या कंपन्या सांभाळायला २००३मध्ये वेगळा आयोग स्थापन झाला. तेव्हा त्याच्याकडे १९६ कंपन्या होत्या, विलीनीकरणं होत होत आज त्या शंभराच्या आसपास आल्या आहेत. कापड, खेळणी, मोबाइल, इंटरनेट, उपाहारगृहं ही खालच्या टोकाची, गळेकापू स्पर्धेची क्षेत्रं खासगी लोकांकडे गेली. शी जिनपिंग यांनीच २०१८मध्ये उद्योजकांसमोर हिशेब मांडला होता: खासगी क्षेत्र ५० टक्क्यांहून जास्त कर देतं, ६० टक्क्यांहून जास्त उत्पन्न, ७० टक्क्यांहून जास्त तंत्रनवकल्पना, ८० टक्क्यांहून जास्त शहरी रोजगार, आणि कंपन्यांची संख्या पाहिली तर ९० टक्क्यांहून जास्त कंपन्या खासगी. असं असूनही राज्यघटनेत सरकारी अर्थव्यवस्था ही 'अग्रणी शक्ती' आहे आणि खासगी क्षेत्र हा 'महत्त्वाचा घटक'.

म्हणजे खासगी कारखानदार नफा कमावतो, पण वीज सरकारी कंपनीची घेतो, कर्ज सरकारी बँकेचं घेतो आणि बसतो सरकारच्याच जमिनीवर. शहरातली जमीन चीनमध्ये कुणालाच विकत मिळत नाही. मिळतो तो वापराचा हक्क: घरासाठी ७० वर्षं, कारखान्यासाठी ५०, दुकानासाठी ४०. शेनझेनमध्ये १९८७च्या डिसेंबरमध्ये अशा हक्काचा पहिला जाहीर लिलाव झाला, तेव्हा राज्यघटना त्याला परवानगी देत नव्हती. घटना पुढच्या वर्षी बदलली. पुन्हा तीच चाल.

मालकी नसताना लगाम कसा राहतो

जमीन आणि कर्ज या झाल्या जुन्या दोऱ्या. शिवाय पक्ष आहेच. ज्या कंपनीत तीन किंवा अधिक पक्षसदस्य असतील तिथे पक्षाची शाखा काढायची, असं पक्षाची घटना सांगते, आणि कंपनी कायदा कंपनीला त्यासाठी सोय करून द्यायला लावतो. बऱ्याच ठिकाणी ही शाखा सहली आणि अभ्यासवर्गांपलीकडे फारसं काही करत नाही, हेही खरं. पण गरज पडली की ती कंपनीत आधीपासून बसलेली असते. २००१मध्ये तेव्हाचे पक्षप्रमुख जियांग झेमिन यांनी उद्योजकांना पक्षात यायची वाट खुली केली, तेव्हा कम्युनिस्टांचं भांडवलदारांपुढे लोटांगण अशी त्यावर टीका झाली. आज मागे वळून पाहता भांडवलदारच पक्षाच्या शिस्तीत आले असं दिसतं.

अलीकडचं हत्यार म्हणजे 'विशेष व्यवस्थापन समभाग'. टिकटॉकच्या मूळ कंपनीची, बाइटडान्सची, जी उपकंपनी चीनमधला कारभार पाहते, तिचा १ टक्का हिस्सा २०२१मध्ये सरकारशी संबंधित संस्थेने घेतला, आणि संचालक मंडळावरच्या तीन जागांपैकी एक जागा मिळवली. पैशात पाहिलं तर हिस्सा किरकोळ. पण मजकुरावर आणि मोठ्या निर्णयांवर त्या एका खुर्चीचं वजन १ टक्क्याचं नसतं.

तरीही मालकाला खरी जाणीव झाली ती २०२०च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या जेमतेम दहा दिवसांत, आणि ती घटना जवळून पाहण्यासारखी आहे.

जॅक मा यांची अँट ही कंपनी मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेतून मोठी झाली आणि नंतर त्याच ॲपवरून छोटी कर्जं देऊ लागली. २०२०च्या मध्यापर्यंत तिने जुळवून दिलेली ग्राहककर्जं सुमारे १.७ लाख कोटी युआनच्या घरात होती. यातली खोच अशी की तिच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ९८ टक्के पैसा भागीदार बँकांचा होता किंवा कर्जरोखे करून बाजारात विकलेला होता. अँटच्या स्वतःच्या ताळेबंदावर फक्त २ टक्के. कमाई अँटची, बुडीत गेलं तर फटका मुख्यतः बँकांना. कुठल्याही देशाच्या नियामकाची झोप उडावी अशीच ही रचना होती.

कंपनीची समभागविक्री शांघाय आणि हाँगकाँगमध्ये होणार होती, सुमारे ३,४०० कोटी डॉलरची, जगातली तोवरची सर्वात मोठी. २४ ऑक्टोबरला शांघायच्या परिषदेत मा यांनी चिनी बँका गहाणवटीच्या दुकानासारखा विचार करतात असं सुनावलं आणि नियामकांनाही जुनाट ठरवलं. २ नोव्हेंबरला त्यांना चौकशीसाठी बोलावणं आलं. त्याच दिवशी ऑनलाइन कर्जांच्या नव्या नियमांचा मसुदा बाहेर आला: संयुक्त कर्जात कंपनीने स्वतःचे किमान ३० टक्के घातले पाहिजेत. ३ तारखेला विक्री थांबवली गेली. समभागांचे व्यवहार ५ तारखेला सुरू व्हायचे होते.

नियम योग्य होता, असं माझं मत आहे. पण तो चार वर्षं आधी येऊ शकला असता. परवानगी देऊन, गुंतवणूकदारांनी पैसे भरल्यावर, भाषणानंतर नवव्या दिवशी आला की तो नियम वाटत नाही, शिक्षा वाटते. पुढच्या एप्रिलमध्ये मा यांच्याच अलीबाबा या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीला मक्तेदारीबद्दल १,८२० कोटी युआनचा दंड झाला. जुलै २०२१मध्ये न्यूयॉर्कला नोंदणी झाल्यावर काही दिवसांतच दीदी या टॅक्सी कंपनीचं ॲप दुकानांतून उतरवलं गेलं, आणि त्याच महिन्यात शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्यावरच बंदी आली. एक अख्खा उद्योग एका परिपत्रकाने आडवा झाला.

या प्रत्येक कारवाईमागे सांगण्यासारखं कारण होतं: बँकांची जोखीम, मक्तेदारी, माहितीची सुरक्षितता, पालकांवरचा खर्च. एकाही ठिकाणी सरकारने कंपनी ताब्यात घेतली नाही. घेण्याची गरजच नव्हती. पैसा कितीही मिळवा, पण त्या पैशातून पक्षाला उत्तर द्यायला न लागणारं दुसरं सत्ताकेंद्र तयार होता कामा नये, एवढी अट पुरेशी असते. नुसत्या श्रीमंतीला चीनमध्ये धोका नाही. श्रीमंतीबरोबर देशाची कर्जव्यवस्था, कोट्यवधी लोकांची माहिती आणि जाहीर व्यासपीठ एकाच माणसाच्या हातात आलं की धोका सुरू होतो.

सरकार म्हणजे एकटं बीजिंग नव्हे

लगामाची एवढी चर्चा झाली की उलट बाजू नजरेआड होते. चीनमध्ये सरकार खासगी भांडवलाला आवरतं तसंच ते त्याचं भागीदारही होतं, आणि हे काम बहुतेक वेळा शहरं करतात. विजेच्या गाड्या बनवणारी नियो ही खासगी कंपनी २०१९-२०मध्ये बुडायच्या बेतात होती. अनहुईची राजधानी हेफेई पुढे आली. तिच्या पुढाकाराने सरकारी गुंतवणूकदारांनी ७०० कोटी युआन घालून नियोच्या चीनमधल्या कंपनीचा सुमारे २४ टक्के हिस्सा घेतला. बदल्यात नियोने आपलं चीनमधलं मुख्यालय हेफेईला आणलं. काही महिन्यांतच नियोचा भाव कडाडला आणि हेफेईने हिश्शाचा बराच भाग फायद्यात विकला. नगरपालिकेने साहसी भांडवलदाराची भूमिका करायची आणि नफा खिशात घालायचा, हे समाजवादाच्या कुठल्याच जुन्या पोथीत बसत नाही.

हेफेईचं नाव सगळे घेतात. वुहानमधल्या होंगशिन या चिप कंपनीचं फारसं कुणी घेत नाही. २०१७मध्ये १२,८०० कोटी युआनच्या प्रकल्पाची घोषणा झाली, जिल्हा सरकारने पैसा आणि जमीन दिली, आणि २०२०मध्ये अर्धवट इमारती तेवढ्या सरकारच्या गळ्यात पडल्या.

इथे एक साखळी तयार होते. कुठल्या क्षेत्रावर वरचा वरदहस्त आहे आणि कुठलं क्षेत्र उद्या अडचणीत येईल, हे खासगी गुंतवणूकदार डोळ्यांत तेल घालून बघत असतो, कारण त्याची सुरक्षितता कायद्यापेक्षा उपयुक्ततेवर अवलंबून आहे. म्हणून केंद्राने सौर पॅनेल, बॅटरी, विजेच्या गाड्या यांच्याकडे बोट दाखवलं की सगळे तिकडे धावतात. प्रत्येक शहराला आपल्या हद्दीत एक कारखाना हवा असतो, ते स्वस्त जमीन आणि कर्ज देतं, आणि तोट्यात गेला तरी त्याला मरू देत नाही. परिणामी गाड्या जगात सर्वात स्वस्त बनतात, हे खरंच. पण मागणीपेक्षा क्षमता कितीतरी जास्त होते, भावयुद्ध भडकतं, कुणालाच धड नफा होत नाही. जुलै २०२४मध्ये पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाला, पॉलिटब्युरोलाच, या आतल्या आत जिरवणाऱ्या स्पर्धेविरुद्ध इशारा द्यावा लागला. कोर्नाईंचं मऊ अंदाजपत्रक सरकारी कारखान्यातून निघून शहराच्या तिजोरीत शिरलं, असं म्हणायला हरकत नाही.

घरबांधणीत तर ते खासगी कंपन्यांपर्यंत पोचलं होतं. नगरपालिकांना जमिनीचे हक्क विकून पैसा हवा होता, बिल्डरांना कर्ज हवं होतं, बँकांना वाटत होतं की एवढ्या मोठ्या कंपनीला सरकार बुडू देणार नाही. ऑगस्ट २०२०मध्ये केंद्राने बिल्डरांच्या कर्जावर तीन मर्यादा घातल्या आणि ३०,००० कोटी डॉलरहून जास्त देणी असलेली एव्हरग्रांड कोसळली. हाँगकाँगच्या न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये ती अवसायनात काढली.

उद्योजकांचा विश्वास उडाल्याचं बीजिंगला कळलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये शी यांनी उद्योजकांची बैठक घेतली, त्यात जॅक मा पुन्हा दिसले. २० मे २०२५पासून खासगी अर्थव्यवस्थेच्या प्रोत्साहनासाठी स्वतंत्र कायदा लागू झाला, तोही ७८ कलमांचा. बाजारात समान प्रवेश, कर्जात समान वागणूक, मालमत्तेचं संरक्षण, असं बरंच काही त्यात आहे. एक तरतूद मुद्दाम पाहावी: नफ्यासाठी परप्रांतात जाऊन कायद्याचा बडगा उगारण्याला मनाई. महसूल आटलेल्या ठिकाणचे पोलीस दूरच्या श्रीमंत प्रांतातल्या उद्योजकाला पकडायचे, त्याची खाती गोठवायचे, मालमत्ता जप्त करायचे. या प्रकाराला चीनमध्ये 'खोल समुद्रातली मासेमारी' असं नावच पडलं आहे.

पाठोपाठ १ जूनपासून थकबाकीचे सुधारित नियम आले. बड्या कंपन्यांनी छोट्या पुरवठादारांचं बिल माल मिळाल्यापासून ६० दिवसांत चुकतं करायचं, 'आमचे पैसे आले की तुमचे देतो' ही सबब चालणार नाही. सरकारी कार्यालयांना साधारण ३० दिवसांची मुदत. छोट्या कारखानदाराच्या लेखी घटनेतल्या मोठ्या शब्दांपेक्षा हे कलम मोलाचं, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात ते बऱ्याचदा सरकारी कंपनीकडे किंवा नगरपालिकेकडेच. वसुलीसाठी त्याने ज्या न्यायालयात जायचं, तेही पक्षाच्याच नेतृत्वाखाली चालतं, आणि पुढच्या वर्षीची निविदा पुन्हा त्याच नगरपालिकेकडे भरायची असते.